चौघांचा वार एकाच फेरीत

मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एका डॉक्टरबाईंना सांगितलं होतं, तेही दार लावून. अश्विनीला टीबी कॉलेजातून लागला नव्हता. तो तिला माझ्यापासून झाला होता, आणि मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

पहिला दिवस म्हणजे बुलढाण्याचा. डॉक्टरबाईंनी तिचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला पांढरा डाग होता, कापसाच्या फुटलेल्या बोंडाएवढा. "टीबी आहे," त्या म्हणाल्या. "स्पुटम, म्हणजे थुंकी, तपासून घेऊ, पण मला शंका वाटत नाही." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला खोकला आहे? आधी कुणाला होऊन गेलाय?"

मी म्हणालो, "नाही."

अश्विनी माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. गाव संग्रामपूरकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. बारावीनंतर ती कॉलेजसाठी चिखलीला आमच्याकडे राहायला आली. घरात मी, माझी बायको सुमन आणि ती, एवढेच. पुढच्या हॉलमध्ये माझं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. सोळा मशिनं, सकाळ-संध्याकाळ खडखडाट. मागच्या खोलीत कॉम्प्युटर होता. चिखलीत तेव्हा कॉम्प्युटर मोजकेच होते.

आता त्याआधीचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

अश्विनीच्या एक्स-रेच्या दीड वर्ष आधी मला संध्याकाळचा ताप येऊ लागला. अंग मोडून यायचं, पँट ढिली झाली, खोकला जाता जाईना. चिखलीतल्या डॉक्टरकडे गेलो असतो तर दोन दिवसांत गावभर झालं असतं. मशिनचे सुटे भाग आणायला जातो असं सांगून मी नांदुऱ्याला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी टीबी सांगितला आणि चार औषधं दिली. सगळं नीट समजावलं त्यांनी: चारही रोज घ्यायची, एकही सोडायचं नाही, घरातल्या माणसांना तपासून घ्यायचं, खिडक्या उघड्या ठेवायच्या. चूक त्यांची काहीच नाही. मी मान डोलावली आणि घरी येऊन कुणालाच काही सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? सरांना टीबी आहे म्हटल्यावर इन्स्टिट्यूटमध्ये कोण आपली पोरं पाठवणार, हे एक. दुसरं म्हणजे लाज. आमच्याकडे टीबीचं नाव मोठ्यानं घेत नसत. "त्याले ते झालं" असं म्हणायचे.

चार औषधांतलं एक लाल कॅप्सूल होतं, रिफाम्पिसिन. त्याने लघवी शेंदरी होते, घामसुद्धा. ते अपायकारक नसतं, पण दिसतं. सुमन माझं बनियन बादलीतून वर काढून म्हणाली, "हे काय लावून आणलं? कुठं शेंदूर फासाले गेलते का?" मी कॅप्सूल बंद केलं. दुसऱ्या गोळ्या मोठ्या होत्या, पायरॅझिनामाइड. त्यांनी गुडघे दुखायचे. त्याही सोडल्या. तिसऱ्या औषधाबद्दल डॉक्टर म्हणाले होते की नजरेत फरक पडला तर लगेच या. टायपिंगवाल्याला नजर म्हणजे सगळं. घाबरून तेही सोडलं. राहिली एक छोटी पांढरी गोळी, आयसोनियाझिड. ती रिबनच्या रिकाम्या डबीत लपवता यायची आणि तिने काही दिसत नसे. ती मी पाच महिने घेतली, एकटी. खोकला कमी झाला, पुन्हा वाढला, पुन्हा कमी झाला.

मागच्या खोलीचंही सांगायला हवं. आमच्या मागे जिनिंग होतं, कापसातली सरकी काढायचा कारखाना. हंगामात कापसाचं पुंजकं हवेत उडायचं. कॉम्प्युटर विकणाऱ्याने बजावलं होतं की धूळ गेली की मशिन गेलं. म्हणून मी त्या खोलीची खिडकी बंद करून फटींवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीने चिकटवल्या होत्या. चपला बाहेर, दाराला पडदा, दार ओढलेलं. कॉम्प्युटर ठेवलेल्या पुष्कळ घरांत तेव्हा असंच होतं. देवघराला नसेल एवढं सोवळं त्या खोलीला असायचं.

हॉलमध्ये मुलांसमोर खोकला आला की मी उठून बाहेर जायचो. बाहेर म्हणजे त्या खोलीत. आणि त्या खोलीत अश्विनी बसलेली असायची.

कॉम्प्युटरबरोबर एक सीडी आली होती, तिच्यात एक खेळ होता. नाव लांबलचक इंग्रजी. आम्ही त्याला 'किल्ला' म्हणायचो. चार जणांची टोळी घेऊन सात मजल्यांचा किल्ला चढायचा. एक सरदार, एक वैद्यीण, एक तिरंदाज, एक जादूगार. प्रत्येक फेरीत प्रत्येकाला एक वार. मजल्या-मजल्यावर हत्यारं, चिलखतं, अंगठ्या सापडतात. ती कुणाला घालायची ते आपण ठरवायचं. अश्विनीने सरदाराला 'मामा' नाव दिलं, वैद्यिणीला 'मामी', तिरंदाजाला 'आशू'. जादूगाराचं नाव 'गुरुजी'. क्लास सुटल्यावर आम्ही दोघं तासन्‌तास त्या बंद खोलीत खांद्याला खांदा लावून बसायचो. चाळिशीच्या माणसाने हे कबूल करावं की नाही माहीत नाही, पण दिवसातला मला सगळ्यात आवडणारा वेळ तोच होता.

एक्स-रेनंतर डॉक्टरबाईंनी घरातल्या सगळ्यांना तपासलं. सुमनला काही नव्हतं. माझी थुंकी पॉझिटिव्ह निघाली, म्हणजे तिच्यात जंतू दिसले. आम्हा दोघांना तीच चार औषधं सुरू झाली. सुमनने लगेच निदान केलं. "कालिजातल्या पोरींच्या डब्यात जेवत होती थे. तिथूनच आणलं. अन्‌ मामाले देलं."

मी काही बोललो नाही.

त्या दिवशी एसटीने परत येताना अश्विनी खिडकीशी बसली होती. गाडी गावाबाहेर पडली. मग म्हणाली, "मामा, मले माफ करा. माह्यामुळं तुमाले झालं."

मी म्हणालो, "असू दे. होतं असं."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

घरी आल्यावर सुमनने पहिलं काम केलं ते खिडकीचं. डॉक्टरबाईंनी मोकळी हवा सांगितली होती. मी म्हणालो, पुंजकं आत येईल, कॉम्प्युटर जाईल. ती उलथनं घेऊन आली आणि खळीच्या पट्ट्या खरवडू लागली. "कॉम्पुटर मरते तं मरू द्या. माणसं जगली पायजेत." पट्ट्या निघाल्या, खिडकी उघडली, आणि कीबोर्डवर कापूस बसू लागला. कॉम्प्युटर काही मेला नाही. अश्विनी रोज सकाळी त्यावर फुंकर मारायची आणि मग खोकायची.

टीबीच्या औषधांत पहिल्या महिनाभरात माणूस सुधारलेला दिसायला हवा. भूक लागते, ताप उतरतो, वजन वाढतं. दोन महिन्यांनी थुंकी निगेटिव्ह यावी, म्हणजे जंतू दिसू नयेत. आमचे दोन महिने झाले. अश्विनीचं वजन पाव किलोही वाढलं नव्हतं. दोघांचीही थुंकी पॉझिटिव्ह.

डॉक्टरबाईंचा आवाज बदलला. "गोळ्या खातेस ना रोज? खरं सांग. एखादी फेकतेस का?"

"नाई जी. रोज खातो." तिला रडू आलं.

"खाल्ल्या असत्या तर असं झालं नसतं."

त्यानंतर सुमन तिच्यासमोर उभी राहून गोळ्या गिळवायची, मग तोंड उघडायला लावायची. "जीभ उचल. आता तिकून दाखव." एकोणीस वर्षांची मुलगी, तोंड उघडून उभी. मी माझ्या गोळ्या हातात घेऊन शेजारी उभा. माझं तोंड कुणी तपासत नव्हतं.

त्याच दिवसांत आम्ही किल्ल्याच्या सातव्या मजल्यावर पोचलो होतो. तिथे दगडी राक्षस. आधीच्या सहा मजल्यांवर माझी एकच पद्धत: जे चांगलं सापडेल ते सरदाराला. सोन्याचं चिलखत सरदाराला, आगीची तलवार सरदाराला, विष न चढण्याची अंगठी सरदाराला. बाकी तिघे त्याच्या मागे अंगरख्यात. त्या मजल्यांवर हे चालून गेलं. सातव्यावर आम्ही अकरा वेळा हरलो.

बाराव्या वेळी हरल्यावर अश्विनीने डिक्शनरी आणली आणि पडद्यावर दर फेरीला येणारी इंग्रजी ओळ शब्द-शब्द लावली. मग माझ्याकडे वळली.

"मामा, समजलं. जो वार एकटा लागते, थो हा शिकून घेते. पुढच्या फेरीले थो वार त्याले लागतच नाई."

"म्हणजे?"

"म्हंजे तुमी एकट्या सरदाराले सगळं घालून त्याच्याच हातानं मारून राह्यले. आपणच त्याले शिकवून राह्यलो न! चौघांचे चार वार एकाच फेरीत लागले पायजेत. येगयेगळे. मंग त्याले काईच शिकता येत नाई."

ती हे हसत सांगत होती. नंतर तिला खोकल्याची उबळ आली आणि ती ओढणीत तोंड धरून बसून राहिली.

मी पाच महिने एकच पांढरी गोळी खाल्ली होती. माझ्यातल्या जंतूंना मीच ती गोळी शिकवली होती. आणि ते शिकलेले जंतू मी हिला दिले होते. म्हणून हिला औषध लागू पडत नव्हतं. हिचं तोंड तपासण्यात अर्थ नव्हता. मी एक वाक्य बोललो असतो तर हिचं औषध बदललं असतं, आणि ते वाक्य मी दोन महिने गिळून बसलो होतो.

मी डॉक्टर नाही, पण एवढं मला त्या खुर्चीवर कळलं. घाम फुटला. शेंदरी.

दुसऱ्या दिवशी मी एकटा बुलढाण्याला गेलो. वेटिंगच्या बाकावर माझा नंबर चौदावा होता. सात नंबर झाले तेव्हा मी उठून एसटी स्टँडपर्यंत गेलो. चिखलीची गाडी लागली होती. पायरीवर पाय ठेवला, काढला, आणि परत येऊन बाकावर बसलो. या अख्ख्या हकिकतीत मला स्वतःबद्दल बरं वाटावं असं एवढंच आहे.

आत जाऊन मी दार लावलं आणि सगळं सांगितलं. नांदुरा, बनियन, लाल कॅप्सूल, रिबनची डबी, चिकटवलेली खिडकी.

डॉक्टरबाई लिहीत होत्या, त्या थांबल्या.

"पांढरी गोळी एकटी किती महिने?"

"पाच."

"आणि ती मुलगी त्याच खोलीत बसायची?"

"हो."

"मी त्या पोरीला खोटारडी ठरवतेय, मास्तर."

त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी लगेच कागद ओढला आणि आमच्या दोघांच्या थुंकीच्या बाटल्या कल्चरसाठी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायची चिठ्ठी लिहिली. कल्चर म्हणजे जंतू बाटलीत मुद्दाम वाढवायचे, बी पेरून रोप उगवतात तसे, आणि मग कोणतं औषध त्यांना मारतं ते पाहायचं. उगवायला दीड-दोन महिने लागतात. "आजच्या आज नवीन औषध वाढवा ना," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "आंधळेपणाने एकेक वाढवलं तर तेही ते शिकतील. थांबायचं."

मी उठलो तेव्हा त्या म्हणाल्या, "तिला मी सांगणार नाही. ते माझं काम नाही, तुमचं आहे."

थांबलो. त्या आठवड्यांत अश्विनीने टायपिंगच्या कोऱ्या फुलस्केपवर सातव्या मजल्याचा आराखडा काढला. कुणी काय घालायचं, कुठल्या फेरीला काय करायचं, सगळं. मी एकच दुरुस्ती सुचवली: सोन्याचं चिलखत 'मामी'ला द्यायचं. वैद्यीण उभी राहिली तर बाकीचे उभे राहतात. अंगठी 'आशू'ला. जपून ठेवलेल्या औषधाच्या बाटल्या, ज्या आम्ही सहा मजले न फोडता वाहत आणल्या होत्या, त्या पहिल्याच फेरीपासून फोडायच्या. सरदाराकडे आगीची तलवार तेवढी राहिली.

"मामा मरन ना मंग," ती म्हणाली.

"मरू दे. शेवटपर्यंत टिकला तरी पुरे."

सकाळचे दहा वाजले असतील. पुढे क्लास चालू होता, खिडकीतून कापूस येत होता. पहिल्या फेरीत आग, बाण, वीज आणि वैद्यिणीची काठी, चारही एकदम. राक्षसाचा खांदा ढासळला आणि पडद्यावर शिकल्याची ओळ आली नाही. दुसरी फेरी. तिसरी. त्याने सरदाराला उचलून आपटलं तेव्हा सरदारात एका वाराचा जीव उरला होता. तो वार त्याने केला, बाकी तिघांबरोबर. राक्षस कोसळला आणि त्याच्याखाली सरदार गेला. तिघे उभे.

अश्विनी खुर्चीवर चढली. "मामा मेले! मामा मेले! जितलो!"

सुमन कणकेच्या हातांनी धावत आली. मागून टायपिंगची चार-पाच मुलं. मी खुर्चीत हसत बसलेला. "काय बोलतं वं पोरी! जीव गेला ना माहा!" सुमनने कणकेच्या हातानेच तिच्या पाठीत धपाटा घातला. मग पडद्याकडे पाहून म्हणाली, "अन्‌ मी कुठं हावो?" अश्विनीने सोन्याच्या चिलखतातली वैद्यीण दाखवली. सुमन बराच वेळ पाहत राहिली. "चांगली दिसतो," म्हणाली.

कल्चर आलं. दोघांचे जंतू सारखे: पांढऱ्या गोळीला रेझिस्टन्स, म्हणजे ती त्यांना लागू पडत नाही, बाकी सगळ्यांनी मरतात. पांढरी गोळी गेली. तिच्या जागी रोज कमरेत स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन आलं, दोन महिने. लाल कॅप्सूल, मोठ्या गोळ्या आणि नजरेची गोळी, नऊ महिने. इंजेक्शनने कानात आवाज येतो का, ते डॉक्टरबाई दर वेळी विचारायच्या. बसता येत नसे, म्हणून मामा-भाची उभ्याने जेवायची.

तिसऱ्या आठवड्यात अश्विनीने दुपारी तिसरी भाकर मागितली. सुमनने तव्यावरून नजर न काढता चौथी थापायला घेतली.

सहाव्या आठवड्यात तिची थुंकी निगेटिव्ह आली. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट माझ्या हातात न देता तिच्या हातात दिला. "तू गोळ्या नीट खात होतीस. मी उगाच बोलले तुला." तिने मान वर करून विचारलं, "अन्‌ मामाचा?" माझा पुढच्या महिन्यात आला. नऊ महिन्यांनी एक्स-रेवर तिच्या डागाच्या जागी एक बारीक रेघ होती. वजन अकरा किलो वाढलेलं. बुलढाण्याहून आम्ही पेढे घेऊन आलो आणि मी हॉलमध्ये उभा राहून सोळा मशिनं थांबवायला लावली. सांगितलं, आम्हाला टीबी झाला होता, आम्ही बरे झालो, पेढा घ्या. काही मुलं येईनाशी झाली. बहुतेक त्याच महिन्यात परत आली.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी ती औषधं आली असतील तर माझं ऐका. एकही सोडू नका. सोडलं असेल तर आजच डॉक्टरांना सांगा, कितीही लाज वाटली तरी. त्यांना ते कळल्याशिवाय नेम लागत नाही. घरातल्यांना तपासून घ्या. खिडकी उघडा. बरं होता येतं. आम्ही दोघं झालो. अश्विनी आज नांदुऱ्याला असते, शाळेत शिकवते, तीन मजले न थांबता चढते आणि तिच्या दोन्ही पोरांना ओरडायला तिला श्वास पुरून उरतो.

तिचं लग्न ठरत होतं तेव्हाचं. मुलाकडची मंडळी आमच्या हॉलमध्ये बसली होती. चहा झाला आणि तिने कुणाला न विचारता सांगून टाकलं. "मले टीबी झाला होता. पूर्ण बरा झाला. कागद हायेत. चालत असंन तं हाव म्हणा." मुलाच्या वडिलांनी कागद मागितले, चष्मा लावून वाचले आणि म्हणाले, "हाव." सगळे हसले. मग ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "माह्यापासून माह्या मामालेई झालता. तरी त्यायनं मले एका शब्दानं बोल लावला नाई."

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी कप खाली ठेवला आणि तेव्हाही गप्प राहिलो.

माझी तब्येत चांगली आहे, तिची माझ्याहून चांगली. हे लिहून झालं की छापायला देण्याआधी मी नांदुऱ्याला जाणार आहे. अश्विनीला समोर बसवून खरं सांगायचं आणि तिची माफी मागायची, एवढं माझ्याकडून तिचं देणं अजून राहिलं आहे.